बाबांना सुईची नाही, ठोकण्याच्या आवाजाची भीती वाटतेय

पत्र:

ताई, माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांचा उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले पूर्ण बेशुद्ध करणार नाही, कमरेतून भूल देणार, तेव्हापासून बाबांची झोप उडालीय. दुखण्याला ते घाबरत नाहीत, पण त्यांच्या मित्राचं हेच ऑपरेशन झालंय आणि त्या काकांनी आत करवतीचा आणि ठोकण्याचा आवाज कसा येतो ते अगदी साग्रसंगीत सांगितलं. दादा म्हणतो सरळ पूर्ण भूल द्यायला सांगू, विषय संपला. मी म्हटलं हेडफोनवर गाणी लावू. दोन रात्री जागून मी २१४ गाण्यांची लिस्ट केली, बहुतेक सगळी आईच्या आवडीची. आई जाऊन दोन वर्षं झाली, मला वाटलं ती सोबत आहे असं वाटेल त्यांना. बाबांना दाखवली तर नुसतं "हं" म्हणाले. त्यांना कानाचं मशीन पण आहे. गाण्यांनी खरंच काही होतं का, की आपल्याच मनाचं समाधान? डॉक्टर हसतील का? आणि मला आत येऊ देतात का?
– एक मुलगी

उत्तर:

अगं, तू ताई म्हटलंयस तर मीही अगं-तुगंच करते. मी भूल देणारी डॉक्टर आहे, बावीस वर्षं पेशंटच्या डोक्याशी उभी राहिलेय. सर्जन गुडघा बघतो, मी चेहरा बघते, त्यामुळे तुझं पत्र वाचताना बाबांचा चेहरा मला दिसतच होता. तर हो, गाण्यांनी फरक पडतो. आणि नाही, डॉक्टर हसणार नाहीत, निदान चांगले तरी. पण ती २१४ गाण्यांची लिस्ट मात्र सध्या बाजूला ठेव. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

आधी भीती नक्की कशाची आहे ते बघू, कारण घरातले बहुतेक लोक तिथेच चुकतात. गेले आठ दिवस सगळे बाबांना "काही दुखणार नाही हो" असं सांगत असणार आणि बाबा मनातल्या मनात म्हणत असणार की अरे मी दुखण्याचं बोलतच नाहीये. कमरेतली भूल म्हणजे मणक्यांच्या मधल्या फटीतून बारीक सुईने औषध आत सोडतात, थोड्याच वेळात पाय गरम लागतात, मग जड होतात, मग हे पाय आपले नाहीतच असं वाटायला लागतं. दुखणं जातं. पण कुणीतरी पाय उचलतंय, दाबतंय, ओढतंय हे थोडं थोडं कळत राहतं आणि कान तर पूर्ण चालू असतात. छातीपुढे पडदा लावलेला असतो म्हणजे दिसत काहीच नाही. आता डोळ्याला दिसत नाही आणि कानाला सगळं ऐकू येतंय म्हटल्यावर डोकं काय करणार, चित्रं रंगवणार. ट्रेमध्ये काहीतरी खण्णकन पडलं की काहीतरी तुटलं. सर्जन म्हणाले "हे नको, दुसरं दे" की काहीतरी चुकलं. ते बिचारे फक्त एक साइज मोठं मागत असतात.

आणि काकांनी खोटं नाही सांगितलेलं. करवत असते, बॅटरीवर चालणारी, घर्रर्र आवाज करणारी, आणि ठोकणं पण असतं. हाडाची टोकं मापात कापून त्यावर नवीन भाग बसवायचा म्हणजे ते सुतारकामच आहे, हे मी कौतुकाने म्हणतेय. त्यातली एक गोष्ट मात्र काकांनी सांगितली नसेल, ती तू सांग. ठोकण्याचे हादरे हाडांतून अंगभर पोचतात, त्यामुळे हेडफोन कितीही भारी आणलास तरी ते धप धप थोडंफार जाणवणारच. "गाणी लावली की तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही" असं चुकूनही म्हणू नकोस, कारण मग पहिला ठोका बसला की त्यांचा गाण्यावरचाही विश्वास जाईल आणि तुझ्यावरचाही. त्यापेक्षा सांग की बाबा, मधे दहा-पंधरा मिनिटं ठोकतील, ते जाणवेल, दुखणार नाही, आणि मग थांबेल. कधी येणार आणि कधी संपणार हे माहीत असलेला आवाज निम्मा झालेला असतो.

मग गाणं करतं काय, तर रिकाम्या बसलेल्या कानाला काम देतं. माणूस ओळखीची चाल ऐकत असला की पुढची ओळ काय येणार याची मन आपोआप वाट बघतं, आणि जे मन वाट बघण्यात गुंतलंय त्याला चित्रं रंगवायला फुरसत कमी मिळते. श्वास हळूहळू लयीला धरून चालायला लागतो, आवळलेले खांदे सुटतात. घाबरलेल्या माणसाची नाडी आणि बीपी वर चढलेलं असतं ते थोडं खाली येतं, आणि हे मी कविता म्हणून सांगत नाहीये, मॉनिटरवर आकडा दिसतो मला.

तू विचारलंस हे नुसतं मनाचं समाधान आहे का. अगं पण भीती मनातच असते ना, मग समाधान तरी दुसरीकडे कुठे करणार! तरी तुला आकडे हवे असतील तर घे, दादाला दाखवायला उपयोगी पडतील. २०१३ साली कॉक्रेन म्हणून जी संस्था जगभरचे अभ्यास गोळा करून तपासते त्यांनी ऑपरेशनआधीची भीती आणि संगीत यावरचे २६ अभ्यास एकत्र केले, एकूण २०५१ पेशंट. भीती मोजायची एक प्रश्नावली असते, २० ते ८० मार्कांची, तिच्यात गाणी ऐकणाऱ्यांची भीती नेहमीची काळजी घेतलेल्या पेशंटपेक्षा सरासरी ५.७ मार्कांनी जास्त उतरली. म्हणजे वाघ समोर होता तो दाराबाहेर गेला इतकंच, पळून नाही गेला. मग २०१५ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात ७३ अभ्यासांचा आढावा आला, त्यात ऑपरेशननंतरचं दुखणं, भीती आणि दुखण्याची औषधं तिन्ही गोष्टी संगीत ऐकणाऱ्यांमध्ये कमी दिसल्या. हॉस्पिटलमधला मुक्काम मात्र कमी झाला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मला हे आकडे म्हणूनच खरे वाटतात, फार मोठे नाहीत.

आता दादाचं. त्याला वाईट ठरवू नकोस, त्याच्या म्हणण्यामागेही प्रेमच आहे. पण पूर्ण भूल द्यायची का कमरेतून हे हार्ट, फुप्फुसं, बीपी, चालू गोळ्या, पाठीचा मणका हे सगळं बघून ठरतं, आणि गुडघ्यासाठी कमरेतली भूल हा चांगला आणि नेहमीचा मार्ग आहे, काहीतरी कमी दर्जाचं देतायत असं नाही. "आवाज नको म्हणून पूर्ण भूल द्या" असं हट्टाने मागण्यापेक्षा एक मधला रस्ता असतो तो विचारा. कमरेतून भूल दिल्यावर सलाईनमधून थोडं गुंगीचं औषध देता येतं, माणूस पेंगतो, हाक मारली की ओ देतो, मधलं बरंचसं आठवत पण नाही. फक्त सत्तरीच्या आसपासच्या माणसाला यातली काही औषधं देताना आम्ही हात आखडता घेतो, कारण नंतर गोंधळल्यासारखं होऊ शकतं, मी कुठे आहे, घरी चला, सलाईन ओढून काढणं असं. म्हणून तर गाण्यांचा उपयोग म्हाताऱ्या माणसांसाठी मला जास्त वाटतो. गाण्याने जितकं भागेल तितकं औषध कमी लागलं तर बरंच आहे की.

अमेरिकेत २०१९ साली थेट तुलनाच केली होती. हातापायाची नस बधिर करायचं इंजेक्शन देताना १५७ पेशंटपैकी काहींना मिडाझोलाम हे भीती घालवायचं औषध दिलं आणि काहींना आवाज अडवणाऱ्या हेडफोनवर संगीत. भीती दोन्हीकडे साधारण सारखीच उतरली. पण, हे पण महत्त्वाचं आहे, औषधवाले पेशंट जास्त खूश होते, आणि हेडफोनवाल्यांशी बोलणं डॉक्टरांना आणि पेशंटना दोघांनाही अवघड गेलं. हे हेडफोनचं लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

आणि एक गंमत. जर्मनीत २०२० मध्ये पूर्ण भूल दिलेल्या ३८५ पेशंटवर प्रयोग झाला, निम्म्यांच्या कानात झोपेतच मंद संगीत आणि धीराचे शब्द लावले, बाकीच्यांना हेडफोन घातले पण आत काहीच नाही. संगीतवाल्यांना ऑपरेशननंतरच्या २४ तासांत दुखण्याचं औषध कमी लागलं. म्हणजे दादाच्या मनासारखं झालं तरी कान पूर्ण झोपत नाहीत असं दिसतंय. (हे वाचल्यापासून आम्ही पण ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, पेशंटच्या वजनाबद्दल वगैरे बोलताना जीभ आवरतो.)

आता तुझी लिस्ट. रागावू नकोस हं.

एकदा हर्नियाचे एक आजोबा होते, त्यांच्या मुलाने अशीच मन लावून गाणी भरून दिली होती. पहिली दोन छान गेली, आजोबांची बोटं चादरीवर ठेका धरत होती, मी पण म्हटलं वा. तिसरं गाणं लागलं आणि बोटं थांबली. बघते तर डोळ्यांतून धार. उताण्या झोपलेल्या माणसाचं पाणी गालावर येत नाही गं, ते बाजूने थेट कानात जातं, हेडफोनची गादी ओली झाली होती. एका हाताला सलाईन आणि दुसऱ्याला बीपीचा पट्टा, त्यामुळे डोळे पुसायला हात नाही. मी विचारलं दुखतंय का, तर मान हलवली आणि म्हणाले, "हे आम्ही दोघं ऐकायचो." मी त्यांचे डोळे पुसले, गाणं बदललं, बीपी जरा वेळाने खाली आलं. ते गाणं वाईट नव्हतं, उलट फारच चांगलं होतं, तिथे ते लावायची जागा नव्हती इतकंच. रडायला माणसाला कुशी बदलता यायला पाहिजे.

तुझ्या बाबांनी "हं" केलं ना, त्या "हं"चा अर्थ तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कदाचित त्यांना तीच गाणी हवी असतील, काही माणसांना खरंच सोबत वाटते. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण भरून द्यायचं नाही. मी इतक्या वर्षांत जे पाहिलंय त्यात गाणं कुठलं यापेक्षा ते कुणी निवडलं याने जास्त फरक पडतो. आत गेल्यावर बाबांच्या हातात काहीच राहत नाही बघ, कपडे त्यांचे नाहीत, कधी उठायचं कधी झोपायचं दुसरं कुणीतरी सांगणार, कमरेखालचे पाय पण ऐकत नाहीत. त्या दीड-दोन तासांत त्यांच्या मर्जीची एकच गोष्ट असेल, कानात काय वाजतंय ती. ती पण आपण ठरवली तर मग उरलं काय.

म्हणून मोबाईल त्यांच्या हातात दे आणि एवढंच विचार की बाबा, दोन तास नुसतं आडवं पडायचंय, काय ऐकाल? आणि जे उत्तर येईल ते घे. गाणंच पाहिजे असं पण नाही. एका पेशंटने मला जुन्या मॅचची कॉमेंट्री लावायला सांगितली होती, निकाल पाठ असलेली, आपण जिंकलेली. नाडी मस्त राहिली शेवटपर्यंत. कुणी गोष्टी ऐकतं, कुणी नुसता पावसाचा आवाज. तेच म्हणाले की तूच सुचव, तर मग सुचव, आणि तेव्हा थोडे नियम पाळ. विलंबित किंवा मध्य लयीतलं, मिनिटाला ६० ते ८० ठोके, म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या जवळपास. एकदम चढणारं, एकदम थांबणारं नको. शब्द कमी असले तर बरं, नुसतं वादन किंवा आलापी चालते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली लिहून ठेवलंय की आजाऱ्याला गळ्याचा, फुंकवाद्यांचा आणि तारवाद्यांचा सलग वाहणारा सूर बरा वाटतो आणि पियानोसारखे तुटक सूर उलटे त्रास देतात. पियानो आवडणाऱ्यांनी माझ्यावर चिडू नये, मलाही आवडतो. आणि बाबांना झोकात द्रुत गतीचंच काहीतरी हवं असेल तर खुशाल द्या, आवडीपुढे हे सगळे नियम पाणी भरतात.

कानाच्या मशीनबद्दल तू एका ओळीत लिहिलंस पण मला तोच सगळ्यात कळीचा मुद्दा वाटतो. वयाने कमी होणारं ऐकू येणं आधी वरच्या पट्टीतलं जातं. म्हणजे बासरीचे तार सप्तकातले सूर, बारीक आवाजातली गायिका, हे बाबांना आता अर्धवट ऐकू येत असणार आणि अर्धवट ऐकू येणारं गाणं ओळखायला ताण पडतो, तिथे आराम कसला. भरदार, खर्जाकडे झुकणारा आवाज किंवा तसंच वाद्य त्यांना सोपं जाईल. शिवाय मशीनवर मोठा हेडफोन घातला की बऱ्याचदा शिट्टी वाजते, ती ओटीत वाजली तर बाबा आणि आम्ही दोघंही दचकू. म्हणून घरी करून बघ, मशीन काढून नुसता कान झाकणारा हेडफोन आणि आवाज किंचित जास्त, असं चालतंय का. किंचितच हं, कान बसतील इतका नको, बाजूला बसून तुला गाणं स्पष्ट ऐकू यायला लागलं तर कमी कर. आणि मशीन नक्की कधी काढायचं ते भूलवाल्या डॉक्टरांना विचार, मशीन आधीच घरी ठेवून जाऊ नका. ऐकूच येत नसलेल्या माणसाला तोंडाला मास्क लावलेले चार जण एकाच वेळी सूचना देतायत, याच्याइतकं घाबरवणारं दुसरं काही नाही, ओठ पण दिसत नाहीत ना.

हे सगळं विचारायचं कधी तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतात, तेव्हा. ऑपरेशनच्या सकाळी ओटीच्या दारात हेडफोन पुढे केलास तर सिस्टर नाहीच म्हणणार, आणि बरोबरच आहे त्यांचं. आधी सांग, साध्या भाषेत: "बाबांना आवाजाची फार भीती वाटते, ऐकू कमी येतं, आत हेडफोनवर काहीतरी ऐकलं तर चालेल का, आणि मधे थोडी गुंगी देता येईल का?" बस. "नेटवर वाचलं की" ने सुरुवात करू नकोस, आम्ही पण माणसंच आहोत. हेडफोन पुसून स्वच्छ करता येणारा लागेल, काही ठिकाणी वरून टोपी किंवा कव्हर घालतात, काही ठिकाणी वायर नको म्हणतात, काही ठिकाणी त्यांचाच स्पीकर असतो. जो नियम असेल तो.

स्पीकर मोठ्याने लावा असं मात्र मागू नकोस. ओटीत आम्ही कानाने पण काम करतो. बोटाला चिमटा लावतात ना ऑक्सिजनचा, त्याचं ते टुक टुक ऐकलंयस? ऑक्सिजन कमी व्हायला लागला की त्या टुकटुकीची पट्टी खाली उतरते. मी पाठमोरी औषध भरत असले तरी सूर उतरला की मान वळते माझी, माझ्या आयुष्यात मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकलेलं संगीत तेच. ते बुडलं नाही पाहिजे. इंग्लंडमध्ये २० ऑपरेशनांचे व्हिडिओ बघून एक अभ्यास झाला होता २०१५ मध्ये, त्यात गाणी लावलेली असताना सर्जनना तेच तेच परत मागावं लागत होतं. तशी सर्जन लोकांना गाणी आवडतातच, आणि त्यांची आवड नेहमीच पेशंटच्या मनाला शांतता देणारी असते असं मी म्हणणार नाही. म्हणून बाबांचं गाणं बाबांच्या कानात.

मोबाईलची तयारी दादाकडे दे, त्यालाही काहीतरी करायला मिळू दे. गाणी डाउनलोड करून ठेवायची, नेटवर अवलंबून राहायचं नाही. फोन एअरप्लेन मोडवर. अलार्म सगळे बंद, सकाळच्या गोळीचा सुद्धा. आणि जाहिराती! एकदा एक बाई अगदी शांत पडल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि फुकटच्या ॲपवर दोन गाण्यांच्या मधे दणक्यात जाहिरात लागली, कशाची तर आयुर्विम्याची, "तुमच्यानंतर तुमच्या कुटुंबाचं काय?" मॉनिटरवर नाडी ७४ वरून ११० ला, आणि सर्जन विचारतायत काय झालं काय झालं. नंतर त्या बाई स्वतःच हसत होत्या पण तेव्हा नाही हसल्या. तर जाहिरात नसलेलं काहीतरी, तीन तास पुरेल इतकं, ओळीने वाजणारं. तीस-चाळीस गाणी झाली की पुष्कळ झाली, आवडती परत परत लागली तरी चालतं.

आणि हो, घरी उशी पातळ घेऊन उताणं झोपवून हेडफोन घालून बघ. बसून छान वाटणारा हेडफोन झोपल्यावर मान पुढे ढकलतो किंवा कान दुखवतो, हे आत गेल्यावर कळून उपयोग नाही.

गाणं सुरू कधी करायचं? लोकांना वाटतं ऑपरेशन सुरू झाल्यावर, पण माझ्या मते बाहेर स्ट्रेचरवर वाट बघायला लागते ती वेळ सगळ्यात वाईट. नातेवाईक मागे राहिलेले, आत अजून घेतलेलं नाही, छताकडे बघत पडायचं, थंडी वाजतेय आणि ती थंडीची की भीतीची कळत नाही. सांगतात दहा मिनिटं आणि मागची केस लांबली की होतात पन्नास. तिथेच सुरू करा. मग आत घेतल्यावर हेडफोन काढायचा, कारण नाव काय, कुठला गुडघा, कशाची ॲलर्जी, हे सगळं बाबांना स्वतः विचारून खात्री करतात आणि ती खात्री झालीच पाहिजे. कमरेत सुई देताना पण कान मोकळे हवेत, पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला लावा, आता हलू नका, हे त्यांना ऐकू आलं पाहिजे. सुई झाली, पाय जड झाले, पडदा लागला की परत घालायचा. त्यावेळी आवाज इतकाच ठेवायचा की माझी हाक ऐकू जाईल, किंवा एक कान उघडा ठेवायचा. आवाज अडवणारा महागडा हेडफोन म्हणूनच मला फारसा आवडत नाही, पेशंट छान गुंग आणि मी हाका मारतेय, मळमळतंय का, मळमळतंय का.

एक खूण आधी ठरवून घ्यायला सांग. बाबांनी हाताची मूठ उघडझाप केली की गाणं बंद, काहीतरी सांगायचंय. मी सगळ्या हेडफोनवाल्या पेशंटशी अशी खूण ठरवते आणि गंमत म्हणजे फार कमी जण ती वापरतात. आपल्याला हवं तेव्हा थांबवता येतं हे माहीत असलं की पुरतं बहुतेकांना.

आणि समजा बाबा म्हणाले मला काही नको, तर सोडून दे. जबरदस्ती नको. काही माणसांना संगीताचं विशेष काही नसतंच, काहींना उलट काय चाललंय ते ऐकायचं असतं, कान झाकले की त्यांना कोंडल्यासारखं होतं. अशा पेशंटला मी मधे मधे सांगत राहते, आता मोजमाप चाललंय, आता ठोकणार आहेत, आता टाके, झालंच. ते पण एक प्रकारचं गाणंच, बेसूर. बाबा तसे असतील तर भूलवाल्यांना तेवढंच सांग की त्यांना बोलतं ठेवा.

तसं हे काही नवीन खूळ नाही हे पण दादाला सांग. अमेरिकेत इव्हान ओनील केन म्हणून सर्जन होते, त्यांनी १९१४ मध्येच ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ लावतो, पेशंटचं मन रमतं, असं डॉक्टरांच्या मासिकात कळवलं होतं. याच माणसाने पुढे १९२१ मध्ये नुसती ती जागा बधिर करून स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं, तेव्हा त्यांच्या बाकीच्या कल्पना जरा जपूनच घ्याव्या, पण फोनोग्राफची बरोबर होती.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. आत तुला बहुतेक ठिकाणी येऊ देणार नाहीत, दारापर्यंतच. म्हणून हेडफोन आणि फोन एका स्वच्छ पिशवीत घालून आदल्या दिवशी ज्यांच्याशी बोलणं झालंय त्यांचं नाव सांगून सिस्टरच्या हातात दे, फोनचं लॉक काढून ठेव, पासवर्ड बाबांना भुलेत आठवणार नाही. बाबांना निघताना "घाबरू नका" म्हणू नकोस, पहिलं गाणं कुठलं लावलंय ते विचार. आणि पिशवीवर, हेडफोनवर, चार्जरवर, सगळ्यावर चिकटपट्टी लावून त्यांचं नाव लिही, मोठ्या अक्षरात. आमच्या ओटीच्या कपाटात बिनमालकाचे किती चार्जर पडलेत ते विचारूच नकोस.